बाजारात न मिळणाऱ्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आणि 60 वर्षांची मुदत

धागाकर्ता, धरमपेठ

झाडीबोलीतील, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीतील, लोकगीतांच्या एका जुन्या संग्रहाची पीडीएफ सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का, किंमत रुपये-आण्यांत, आणि अधूनमधून पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडेही ते सापडत नाही आणि त्याची प्रकाशनसंस्था केव्हाच बंद पडली. संकलक 1978 मध्ये वारले; म्हणजे 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे 2038 अखेरपर्यंत परवानगीशिवाय त्याची प्रत फिरवता येत नाही. पूर्वी ही मुदत मृत्यूनंतर 50 वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपत आले, तेव्हा 1992 मध्ये ती 60 करण्यात आली. एका थोर लेखकाच्या निमित्ताने झालेल्या या वाढीत ज्यांची पुस्तके कोणीच छापत नाही असे असंख्य लेखकही अडकले. विकत मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणे ही चोरीच आहे, याबद्दल दुमत नको. मात्र जे पुस्तक दहा वर्षांत पुन्हा छापलेच गेले नाही ते ग्रंथालयांनी खुले करावे आणि वारसांनी हरकत घेतल्यास काढून टाकावे, असे माझे मत आहे. मुदत संपल्याचा लाभ नागपूरकरांना वेगळा सांगायला नको: बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्क 2016 अखेर संपले आणि आज ते कोणालाही छापता येतात.

प्रतिसाद: एक छोटा प्रकाशक, महाल

हे उदाहरण आपल्या बाजूचे नाही. बाबासाहेबांचे लेखन स्वस्तात घरोघरी पोचले ते राज्य शासनाने 1979 पासून खंड काढले म्हणून, म्हणजे हक्क अबाधित असतानाच. पैसा आणि संपादनाचे कष्ट कोणीतरी घेतले म्हणून. दुसरे, माझी आवृत्ती 500 प्रतींची असते आणि ती संपायला चार-पाच वर्षे लागतात. पुनर्मुद्रणासाठी मी पैसे जुळवत असताना पुस्तक ‘अनुपलब्ध’च दिसणार. त्या काळात पीडीएफ खुली झाली तर दुसरी आवृत्ती निघणारच नाही, आणि वारसाने वर्षभराने हरकत घेतली तरी शेकडो मोबाइलमध्ये उतरलेली प्रत परत कोण आणणार?

प्रतिसाद: वकिली करणारा वाचक

दोन्ही बाजूंनी कायदा अर्धाच मांडला आहे. लोकगीते कोणा एकाच्या मालकीची नसतात. हक्क आहे तो संकलकाच्या निवडीवर, मांडणीवर आणि टिपांवर. हरकतीनंतर काढण्याची सोय आजही आहे, पण ती मध्यस्थ संकेतस्थळांसाठी, म्हणजे इतरांनी चढवलेला मजकूर ठेवणाऱ्यांसाठी: तक्रार आल्यावर 21 दिवस प्रवेश थांबवायचा आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा खुला करता येतो. स्वतः स्कॅन करून चढवणाऱ्याला या कलमाचा आसरा नाही. वारस सापडत नसतील तर कलम 31अ खाली परवाना मागता येतो. पण त्यासाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. दीडशे पानांच्या संग्रहासाठी हा खर्च कोण करील? असे अर्ज ऐकणारे बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ 2021 मध्ये रद्द झाल्यापासून तर ते न्यायालयापुढेच जातात.

प्रकाशकांसाठीही एक प्रश्न आहे. लेखकाने प्रकाशकाला हक्क देण्याच्या, म्हणजे हस्तांतराच्या, करारात मुदत लिहिलेली नसेल तर कलम 19(5) प्रमाणे ती पाच वर्षेच धरली जाते. आपल्या यादीतील किती पुस्तकांवर आपला हक्क आजही शिल्लक आहे?

प्रतिसाद: महालचे प्रकाशक

ते कलम 1994 च्या दुरुस्तीने आले आणि त्याआधीच्या करारांना लागू होत नाही. ज्या पुस्तकांबद्दल हा धागा आहे ती बहुतेक त्याआधीचीच आहेत. नंतरच्या करारांबाबत मात्र आपले म्हणणे खरे आहे. आमच्या व्यवसायात अर्धे करार तोंडी होतात, आणि तोंडी हस्तांतर कायदा मानतच नाही.

प्रतिसाद: सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथपाल

आमच्याकडे कागद हाताला लागताच तुटतो, त्यामुळे दहा वर्षे थांबण्याइतका अवकाश नाही. 2012 च्या दुरुस्तीमुळे, छापील प्रत आमच्याकडे असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. ती आम्ही ठेवतो. ती घरी बसलेल्या वाचकाला पाठवण्याची मुभा मात्र या कलमात नाही, म्हणून गडचिरोलीहून विचारणा आली तरी येथे येऊनच वाचा, असे सांगावे लागते. सरसकट खुले करण्यापेक्षा, निदान एका वाचकाला एका वेळी मुदतीपुरती प्रत देता आली, तर प्रकाशकांचे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

धागाकर्ता

ग्रंथपालांची सूचना मला मान्य आहे, पण बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकालाही तीच अट का असावी, हे समजत नाही. तेथे दुसऱ्या आवृत्तीसाठी पैसे जुळवणारे कोणी उरलेलेच नाही.

प्रतिसाद: महालचे प्रकाशक

संस्था बंद पडली तरी संकलकाची नातवंडे असू शकतात, आणि उद्या मीच त्यांच्याकडून हक्क घेऊन ते पुस्तक काढू शकतो. शिवाय आपली दहा वर्षे मोजायची कोठून? आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांवर नुसते ‘पुनर्मुद्रण’ छापलेले असते, सालच नसते.