तूप नको म्हटलं का लोक काऊन हासतात?

वावरातला (दर्यापूर तालुका)
मटन, अंडे, दूध, तूप, मी सारं सोडलं. मटन सोडल्याचं कोनालेच काई वाटलं नाई, माळ घातली असंल म्हनून मोकळे झाले. पन नात्यातल्या एका तेरवीत पानग्यावर तूप नको म्हटलं, त पंगत माह्याकडंच पाहे. वाढनाऱ्यानं वाटी तशीच धरून इचारलं, “डॉक्टरनं सांगतलं काय?” श्रावनाच्या आधी बोकड कापनारे शहाने अन मी येडा, हे कसं?

जुना माळकरी
मटन सोडायची वाट आपल्याकडं जुनीच हाय भाऊ. रिद्धपूरचे महानुभाव घे नाईतर पंढरीचे वारकरी, धर्माचं कारन तयार असते. दूध सोडाले तसं कारन नाई. उलटं गोकुळाष्टमीले दहीहंडी! दूध-तूपही न खानारा म्हंजे ‘व्हीगन’, हा शब्दच १९४४ चा, तोही इंग्लंडातला. नवस हाय म्हनून पाय, कोनी हासनार नाई.

शेळीवाली ताई
धर्मापेक्षा पैसा पाहा. पान्यानं कपाशी गेली का आमच्या घरी बोकड इकून पोरीची फी भरतो. मटन आमच्या ताटात कधीमधीच येते. ज्याच्यावर घर चालते ते इचित्र कसं वाटंल?

वावरातला
हे पटलं ताई. तुमच्या शेळीले मी नाव ठेवत नाई. पन तुरीचं वरन, अंबाडीची भाजी, जवसाची चटनी, एवढ्यावर माहं भागते त लोकाईचं काय जाते?

गावचा औषधवाला
भागते, पन बी-बारा जीवनसत्त्व त्यात नसते. रक्त तपास, गोळी चालू कर, मंग भांड.