गच्चीवरचं सोलर (नेरूळ, सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: गुड मॉर्निंग मंडळी, रविवारी टाकीवरूनच एवढं वाजलं की सोलरचा विषय राहिला. कॉमन मीटरसाठी २० किलोवॅट बसवायचं का, इथेच कळवा. सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, जागा साधारण दोन हजार स्क्वेअर फूट जाईल

शिंदे बी-५०१: अर्धी गच्ची गेली की मग, वाळवण कुठे घालायचं? सरकार २०४७ पर्यंत १०० गिगावॅट न्यूक्लिअर म्हणतंय, तारापूरसारखी स्वस्त वीज येईल, थांबूया की

कुलकर्णीकाका सी-१०४: शिंदे, मी तारापूरला नोकरी केलीय म्हणून सांगतो. पहिली दोन युनिटं १९६९ ची, त्यांचं कर्ज कधीच फिटलं म्हणून ती वीज स्वस्त पडायची. न्यूक्लिअरमध्ये इंधनाचा खर्च थोडा, सगळा पैसा बांधायला, आणि काम रखडलं की व्याज चढत जातं. फ्रान्सची फ्लामांव्हिलची नवी अणुभट्टी बघा, २००७ ला बांधायला घेतली तेव्हा अंदाज ३.३ अब्ज युरो, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ ला आणि खर्च १३ अब्जांच्या वर. जैतापूरला त्याच डिझाइनच्या सहा भट्ट्या बसवायचं ठरलंय

शिंदे बी-५०१: म्हणजे सोलरच भारी

काका: तसंही नाही हो. गुजरातच्या लिलावात २०२० ला १.९९ रुपये युनिट दर आला होता पण ती दुपारची वीज, संध्याकाळी सातला सगळे एसी लागतात तेव्हा बॅटरी नाहीतर कोळसा, तो खर्च त्या १.९९ मध्ये कुठे धरलाय? भट्टी रात्रंदिवस चालते, नवीन असली तर ६० वर्षं, पॅनल पंचवीसेक. उलट भट्टी शेवटी मोडायचाही खर्च असतो, त्यासाठी आपल्याकडे युनिटमागे २ पैसे बाजूला काढतात, पुरतील असं मला वाटत नाही

मेघा ए-६०३: काका लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल का एवढंच सांगा, सासूबाई जूनमध्ये चौथ्या-पाचव्याच्या मध्ये वीस मिनिटं अडकल्या होत्या

काका: नाही गं. बिनबॅटरीचं सोलर, लाइट गेली की स्वतःच बंद होतं, लाइनवर वायरमन काम करत असेल तर त्याला शॉक बसायला नको

मेघा ए-६०३: मग काय उपयोग

खजिनदार: बिल कमी होतं ना वहिनी, किलोवॅटमागे रोजची सरासरी ४ युनिट म्हणजे ८० झाली, जुलै-ऑगस्टला बरीच कमी. फक्त आठ-दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो, ते पैसे आत्तापासून बाजूला काढा, नंतर वर्गणीवरून भांडणं नकोत

पाटील बी-७०१: आधी वॉटरप्रूफिंग!! दोन पावसाळे हॉलमध्ये बादली लावून बसलोय, एकदा स्ट्रक्चर ठोकलं की त्याच्याखालची गळती कोण शोधणार

काका: पाटलांचं बरोबर आहे, पंचवीस वर्षं ठेवायचं तर खालचा स्लॅब आधी बघा

सेक्रेटरी: ओके, आधी वॉटरप्रूफिंगची कोटेशन्स मागवतो. माणूस उद्या दहाला येईल, गच्चीची चावी कोणाकडे आहे?

शिंदे बी-५०१: माझ्याकडे. पापड वाळत घातलेत, अकराला बोलवा