पेनल्टीच्या वेळी लाइनमनशी इशारे कसे ठरवता?

परभणीची शिट्टी: मागच्या रविवारी फुटबॉलची सेमीफायनल. शिट्टी माझ्याकडं, लाइनमन गावातलीच पोरं. कीपरनं पेनल्टी अडवली. लाइनमननं झेंडा अर्धा वर केला अन् पुन्हा खाली घेतला. मी विचारायला जाईपर्यंत भोवती दहाजणांचा गराडा. निकाल तसाच ठेवला, शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या. वायरलेस, बीप असलं काही आपल्याकडं नाही. लांबून कळेल असा इशारा सांगा.

नांदेडकर: झेंड्याच्या आधी जागा बघा भाऊ. गोलसमोरच्या मोठ्या बॉक्सची रेघ गोललाइनला मिळते, तिथं लाइनमन पाहिजे. त्यानं दोनच गोष्टी बघायच्या. किक बसताना कीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा मागं होता का, अन् चेंडू पूर्ण आत गेला का. बॉक्समध्ये कोण घुसलं ते तुम्ही बघा. कीपर पुढं आला तर कसं सांगायचं, हे रेफ्रीनं मॅचआधीच ठरवून द्यायचं असतं. आमच्यात गोल झाला की लाइनमन टचलाइनकडं, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेघेकडं निघतो. कीपर पुढं येऊन अडवली, तर जागेवर खिळून झेंडा सरळ वर. अर्धा झेंडा म्हणजे भांडणाला आवतण.

लातूरवाला: चेंडू बाहेर गेला किंवा खांबाला लागून परतला तर झेंड्याची घाई नको. कीपरमुळं मारणारा स्पष्ट बिचकला असेल तरच पुन्हा किक. अडवली असेल तर मात्र पुन्हाच, अन् कीपरला पहिल्यांदा समज, पुढच्या वेळी पिवळं. बाकी आपली खरी भानगड चुन्याची. काळ्या मातीत दुपारपर्यंत गोललाइन राहते कुठं? कीपर रेषेवर होता का म्हणून विचारता, अन् रेषाच नाही! हाफटाइमला पुन्हा मारून घ्या.

नांदेडकर: अजून एक. बॉक्समधला फाऊल तुम्हाला दिसला नाही अन् त्याला दिसला, तर आधी नजरानजर, मग झेंडा, मग कॉर्नरच्या झेंड्याकडं चालायला लागायचं. ओरडायची गरज पडत नाही.

परभणीची शिट्टी: अन् मॅच बरोबरीत सुटल्यावरच्या पेनल्टी शूटआउटला?

लातूरवाला: एक लाइनमन गोललाइनवर, छोट्या बॉक्सच्या रेघेपाशी. दुसरा मैदानाच्या मधल्या वर्तुळात, बाकीच्या खेळाडूंजवळ.

परभणीची शिट्टी: चुन्याची गोणी सांगून ठेवली. काल त्या पोराला विचारलं, झेंडा खाली का घेतलास? म्हणे, कीपर आतेभाऊ आहे.

नांदेडकर: मग त्याला मधल्या वर्तुळात पाठवा.