जादा वेळ दिला की पदवी स्वस्त होते का?

खडूवाला:
यंदा माझ्या वर्गात तिघांना तीन तासांच्या पेपरला पाऊण तास जादा मिळाला. एकाला दिसत नाही, एकीला डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही अक्षरं वाचताना-लिहिताना अडचण) आहे, तिसऱ्याचं काय ते मला सांगितलेलं नाही (आणि ते योग्यच). निकालानंतर बाकीची मुलं कुरकुरली. माझ्या मते जादा वेळ किंवा लेखनिक ही मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या २४व्या कलमात उच्च शिक्षणही येतं. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता:
लेखनिक मान्य. जादा वेळ नाही. पेपर लांबलचक असेल तर पाऊण तास कुणालाही द्या, गुण वाढतीलच. मग तो फक्त प्रमाणपत्रवाल्यांना का? आणि उद्या नोकरीत कोण थांबणार आहे?

बोटांनी वाचणारी:
स्पष्टवक्ता, मी संख्याशास्त्राचे पेपर लेखनिकाला सांगून सोडवलेत. ‘कंस सुरू, एक्सचा वर्ग, भागिले... नाही, अख्ख्या कंसाला भागिले.’ मी सांगायचं, त्याने लिहायचं, मग परत वाचून घ्यायचं. तुम्ही चुकलेली ओळ नुसत्या नजरेने हेरता. माझा पाऊण तास या सांगण्या-ऐकण्यातच जातो, विचाराला वाढीव काही उरत नाही. नोकरीत मला लेखनिक लागत नाही, संगणक वाचून दाखवतो.

खरं रडगाणं वेगळंच आहे. नोट्स म्हणजे पुस्तकाची पानं स्कॅन करून केलेली पीडीएफ. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र, तो गप्प बसतो. वर्षभर वाचायला काही द्यायचं नाही, आणि शेवटी पाऊण तासावरून वाद घालायचा!

स्पष्टवक्ता:
लेखनिकाची ही बाजू लक्षात आली नव्हती. पण डिस्लेक्सिया आणि नुसतंच हळू वाचणं, यात रेघ कुठे मारायची?

खडूवाला:
आधी पेपर काय मोजतोय ते ठरवू. टंकलेखनाची परीक्षा असेल तर वेग मोजायलाच हवा, तिथे जादा वेळ देऊ नये. माझ्या अभ्यासक्रमात वेग कुठेच नाही, तरी मी तोच मोजत बसलो होतो. पुढच्या सत्रात दोन तासांत संपेल असा पेपर काढून सगळ्यांनाच तीन तास देणार आहे. आणि हो, पीडीएफचा गुन्हेगार मीही आहे.

कारकुनी डोकं:
तत्त्वं ठीक, पण परीक्षा विभागात या एकदा. वेगळी खोली, पर्यवेक्षक, लेखनिक. लेखनिक त्याच विषयाचा नको, पण संज्ञा तर कळायला हव्यात. अर्ज आदल्या दिवशी आला की असा माणूस आणायचा कुठून?

बोटांनी वाचणारी:
अर्जाला उशीर होतो, कारण दर सत्राला नवीन प्रमाणपत्र मागता. माझी दृष्टी काही सुट्टीत परत येत नाही हो.

कारकुनी डोकं:
हे मात्र खरं. एकदाच घेऊन पदवी संपेपर्यंत चालवता येईल. उद्या साहेबांना विचारतो.

स्पष्टवक्ता:
जादा वेळेबद्दल माझं मत अजून तेच आहे. पीडीएफचं मात्र लाजिरवाणं आहे.