फिनलंडमध्ये पणजोबांचं गाव शोधायचंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (पाऊलवाट):
नवऱ्याचे पणजोबा १९०२ साली फिनलंडहून अमेरिकेला गेले. घरात नाव 'जॉन मॅकेला' असं सांगतात. पण एका जुन्या कागदावर 'योहान मात्सोन, लाप्पो' लिहिलंय आणि नकाशात लाप्पो सापडत नाही. जुलैत दहा दिवस हेलसिंकीला जायचं चाललंय. घर, कबर काही सापडेल का? जाणकारांनी सांगावं.

दफ्तरी:
तिकीट थांबवा, आधी कागद. दोन्ही नावं एकाच माणसाची असणार. चर्चच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक स्वीडिशमध्ये लिहिल्या जात, म्हणून 'मात्सोन' म्हणजे मात्तीचा मुलगा. फिनिशमध्ये तोच 'मातिनपोइका'. लाप्पो हे लापुआचं स्वीडिश नाव, नकाशात लापुआ शोधा.

मॅकेला हे मात्र घराण्याचं आडनाव समजू नका. पश्चिम फिनलंडमध्ये ते शेतवाडीचं नाव असे. वाडी बदलली की नाव बदललं. घरजावई झाला तर बायकोच्या वाडीचं लागलं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात. आडनाव सक्तीचं करणारा कायदा १९२० चा, म्हणजे तुमचे पणजोबा गेल्यावरचा.

'हिस्की' हा वंशावळ संस्थेचा मोफत शोध आहे. पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), जन्मवर्ष आणि बापाचं पहिलं नाव घाला, आडनावाची चौकट रिकामी ठेवा. काही पॅरिशच्या नोंदी तिथे लवकर थांबतात. मग राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'आस्तिया'वर मूळ वहीची छायाचित्रं बघा. खरं घबाड 'रिप्पिकिर्या' या वहीत आहे: वर गावाचं नाव, वाडीचं नाव आणि क्रमांक, खाली घरातली माणसं, जन्मतारखा, कोण कुठून आलं, कुठे गेलं. अमेरिकेला गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिलेली दिसतात. तो वाडीचा क्रमांक टिपून ठेवा.

रानवारा:
क्रमांकाचा उपयोग सांगतो. भूमापन खात्याच्या 'कार्त्तापाइक्का' नकाशावर प्रत्येक जमिनीला चार भागांचा क्रमांक असतो: नगरपालिका, गाव, वाडी, तुकडा. तिसरा भाग बऱ्याचदा वहीतल्या जुन्या वाडी-क्रमांकाशी जुळतो. एका भागात तीन मॅकेला असले तरी त्यामुळे गोंधळ होत नाही.

हेलसिंकीत दहा दिवस घालवून काही हाती लागणार नाही. लापुआजवळचं शहर सेइनायोकी रेल्वेने साधारण तीन तास, तिथून भाड्याची गाडी घ्या. वाड्यांपर्यंत बस जाईलच असं नाही. जुलैत अर्धा देश सुट्टीवर असतो, पॅरिश कार्यालयातून उत्तर यायला वेळ लागतो. जूनचा पूर्वार्ध किंवा ऑगस्टचा शेवट बरा. युहान्नुस या उन्हाळी सणाचा शनिवार-रविवार (२० ते २६ जूनच्या मधला शनिवार) पूर्ण टाळा.

जंगलातून, माळावरून कुणालाही चालता येतं, पण घराच्या अंगणात हा हक्क चालत नाही. आधी पत्र पाठवा, वहीच्या पानाची छापील प्रत सोबत ठेवा.

कबरीची आशा कमी ठेवा. कबरीचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो, कायद्याने एका वेळी जास्तीत जास्त ५० वर्षं. नूतनीकरण झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. आणि जुन्या शेतकऱ्यांच्या कबरींवर बहुधा लाकडी क्रूस असत, ते केव्हाच कुजले.

दफ्तरी:
एक राहिलं. नावापुढे 'टोर्पारे' दिसलं तर तो वाडीचा मालक नव्हे, तिच्या जमिनीवरचा कूळ. त्याची झोपडी नकाशावर मिळेलच असं नाही. कुळांना जमीन विकत घेता येऊ लागली ती १९१८ च्या कायद्याने.

पाऊलवाट:
वहीत 'मॅकेला, क्र. ४' असं दिसतंय, पण अनुक्रमणिकेत नाव सापडत नव्हतं.

रानवारा:
मॅकेला (Mäkelä) मधलं दुसरं अक्षर, ठिपकेवाला 'ॲ' (ä), त्यांच्या वर्णमालेत झेडच्याही नंतर येतो. 'म'च्या शेवटी बघा.