नानांची पोटरी आणि साडेपाचचं गेट

(टिळकवाडी, बेळगाव. आमच्या अपार्टमेंटचा ग्रुप, दसऱ्यानंतरचा सोमवार)

सेक्रेटरी, ए-१०१: सर्व सभासदांना कळविण्यात येते की वॉचमनने तक्रार केली आहे. पहाटे पाचला कोणीतरी त्याला उठवून गेट उघडायला लावत आहे. नियमाप्रमाणे गेट सहाला उघडते. संबंधितांनी सहकार्य करावे.

पिंट्या, बी-४०१: संबंधित म्हणजे नाना. अजून कोण असणार ओ 😄

नाना, ए-२०४: मी नव्हे. मी गेले पाच दिवस पलंगावर आहे, पाय दोन उशांवर. पोटरी धरलीय.

माईकाकू, बी-१०२: अगंबाई! कधी झालं हे? सांगायचं नाही का?

नाना, ए-२०४: अष्टमीला. नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीत.

भाऊ, ए-१०३: *[फॉरवर्ड केलेला]* सावधान! साठीनंतर धावणाऱ्यांनो, गुडघ्यात देवाने ठराविकच वंगण भरून पाठवले आहे. रोज धावल्याने ते संपते. मग ऑपरेशन अटळ! हा संदेश दहा जणांना पाठवा.

भाऊ, ए-१०३: नाना, वाईट वाटून घेऊ नका. योगायोगाने आजच आला.

नाना, ए-२०४: भाऊ, माझी पोटरी गेलीय, गुडघा नव्हे. काय झालं ते सांगतो, म्हणजे उगाच प्रत्येकाने वर येऊन विचारायला नको. (चहा मात्र आहे, यायचं तर या.)

एरवी मी बूट घालून व्हॅक्सिन डेपोच्या मातीतून पळणारा माणूस. किलोमीटरला नऊ मिनिटं. पिंट्या याला चालणं म्हणतो, म्हणू दे. दौडीत काय झालं, सगळे अनवाणी म्हणून मीही अनवाणी. डोक्याला फेटा, पुढे ध्वज, बाजूला नातवाच्या वयाची पोरं, दारोदारी रांगोळ्या, बायका आरती घेऊन उभ्या. अशा वेळी आपण आपल्या पायांनी पळत नाही ओ, गर्दीच्या पायांनी पळतो. चढ लागला, पोरांनी वेग वाढवला, मीही वाढवला. आणि पोटरीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी खरंच मागे वळून बघितलं, कोण मारतंय म्हणून. मागे एक दहा वर्षांचं पोरगं, फेटा डोळ्यांवर आलेला, दोन्ही हातांनी तो सावरत होतं बिचारं.

पळायला सगळ्यांनाच येतं. मला हळू पळायला शिकायला चार वर्षं लागली, आणि एका सकाळी विसरलो.

डॉक्टर वहिनी, बी-३०१: नाना, पोटरीचा स्नायू फाटला की लोक हेच सांगतात, मागून दगड बसला. बुटाची सवय असलेला माणूस एकदम अनवाणी पळाला की तो टाच सोडून चवड्यावर टेकतो. सगळा भार पोटरीवर आणि टाचेच्या जाड शिरेवर. त्यात चढ, त्यात वेग. साठीनंतरच्या पळणाऱ्यांचं बहुतेक इथेच दुखावतं. तरुण पोरं गुडघा धरून येतात, तुमच्या वयाची मंडळी पोटरी नाहीतर टाच.

आणि हे सगळ्यांसाठी: ताण न पडता पोटरी दुखायला लागली, सुजली, हाताला गरम लागली, तर लचक समजून शेकत बसू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवायचं.

भाऊ, ए-१०३: म्हणजे माझा मेसेज बरोबरच की. पळणंच नको.

डॉक्टर वहिनी, बी-३०१: भाऊ, तुमच्या मेसेजमधलं वंगण कुठून आलं मला माहीत नाही. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो, तसा तिच्यात द्रव आत-बाहेर होतो, पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजासारखा. त्यावरच ती जगते. दिवसभर सोफ्यावर बसलेल्याची कूर्चा उपाशी.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी १९८४ पासून पन्नाशी उलटलेले पळणारे आणि न पळणारे असे दोन गट वीसेक वर्षं पाहिले. १९ वर्षांनी पळणाऱ्यांतले १५ टक्के वारले होते, न पळणाऱ्यांतले ३४ टक्के. कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, चालणं या गोष्टी अडायला लागल्या त्याही पळणाऱ्यांना कितीतरी उशिरा. काहींच्या गुडघ्यांचे एक्सरे वर्षानुवर्षं काढले, पळणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजलेले निघाले नाहीत. आता मुळात धडधाकट असतो तोच पळायला जातो, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येत नाही, हेही खरं. आणि ज्याचा गुडघा आधीच झिजलाय त्याने हे वाचून उद्या बूट आणू नयेत.

*भाऊ, ए-१०३: हा मेसेज हटवण्यात आला आहे*

पिंट्या, बी-४०१: नाना, ते म्हातारे पंजाबी धावपटू फौजासिंग बघा. ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन. २०११ मध्ये टोरंटोला शंभराव्या वर्षी पूर्ण ४२ किलोमीटर. तुम्ही तर ६८ चे पोरगे!

बंटी (माईकाकूंचा, पुणे): जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने ती नोंद घेतली नाही, तेही सांग. आणि फौजासिंग गेले कसे? गेल्या वर्षभरातली... थांबा, २०२५ च्या जुलैतली गोष्ट. गावातल्या रस्त्यावर चालत होते, गाडीने उडवलं. पायांनी दगा दिला नाही, रस्त्याने दिला. मला ज्येष्ठांच्या पळण्यात तेवढंच भय वाटतं. पहाटे अंधारात काँग्रेस रोडला कसल्या बाइका येतात माहीत आहे सगळ्यांना.

नाना, ए-२०४: बरोबर बोललास बंटी. म्हणून तर रस्त्यावर असलो की मी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असा पळतो. पाठीमागून येणारी दिसत नाही, आणि माझ्या डाव्या कानाला आता ऐकूही कमी येतं. कानात गाणी तर अजिबात नाहीत.

पिंट्या, तुला एक कॅनडाचा माणूस सांगतो, एड व्हिटलॉक. २००३ मध्ये ७२ व्या वर्षी मॅरेथॉन तीन तासांच्या आत पळाला. पुढच्या वर्षी ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. आणि सराव कुठे? घराजवळच्या दफनभूमीत. गाड्या नाहीत, कुणी बघणारं नाही, तासन्‌तास त्याच त्या फेऱ्या, आणि त्याही अगदी सावकाश.

अण्णा, ए-३०२: नाना, मग आपण सदाशिवनगर स्मशानात जायचं काय?

नाना, ए-२०४: अण्णा, तिकडे जायचंच आहे, पण पळत नको.

अण्णा, ए-३०२: 😂 हौदु, खरंय. आमच्या रोडवर कन्नड बोर्ड असतो बघा, निधानवे प्रधान. सावकाश जाणं हेच मुख्य.

नाना, ए-२०४: मजा बघा, मराठीत निधान म्हणजे ठेवा. मी इतकी वर्षं तो बोर्ड वाचून कुठल्या खजिन्याचं सांगतायत म्हणायचो.

सेक्रेटरी, ए-१०१: विषय गेटचा होता. वॉचमनला कोण उठवते?

सेक्रेटरी, ए-१०१: ??

माईकाकू, बी-१०२: मी.

बंटी (पुणे): आई???

माईकाकू, बी-१०२: ओरडू नकोस. महिना होत आला. लेले मैदानावर जाते. तुझे जुने बूट आहेत ना कपाटात, ते घालून. मोठे होतात म्हणून दोन मोजे.

पिंट्या, बी-४०१: काकू, तुम्ही पळूलाय?? 🙏

माईकाकू, बी-१०२: पळते कसली. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. रस्त्याच्या दिव्यांचे खांब. मैदानात खांब नाहीत तिथे झाडं. पहिल्या दिवशी एका खांबाला जीव वर आला. आता दोन खांब पळून एक चालते. आणि खरं सांगू, साडी नेसून, बंटीच्या बुटांत, अंधारात पळताना मला हसू फुटतं. कुणी बघत नाही म्हणून पाचला. उजाडल्यावर ओळखीच्या बायका भेटतात, मग पळणं राहतं आणि भिशी सुरू होते.

नाना, ए-२०४: माई, तुम्हाला कुणी शिकवलं हे खांबांचं?

माईकाकू, बी-१०२: कोण शिकवणार, दम लागला म्हणून.

नाना, ए-२०४: जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचा ऑलिंपिक धावपटू. त्याने १९७४ मध्ये हीच पद्धत काढली. थोडं पळा, दमायच्या आधी चाला, परत पळा. मला ते पहिल्यांदा शिकवलं आपल्या ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात त्या फाटकाने. गेट पडलं की थांबायलाच लागायचं. मग लक्षात आलं, ज्या दिवशी गेट पडतं त्या दिवशी घरी येऊन मी ताजा असतो.

बंटी (पुणे): नाना, तुम्ही तिला चढवू नका. तिला शुगर आहे. वय ६३. डॉक्टर वहिनी, काहीतरी बोला.

डॉक्टर वहिनी, बी-३०१: बंटी, सुरू करायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या होत्या. बीपी, ईसीजी, पावलांची तपासणी, सगळं झालंय. तुला सांगू नका म्हणाल्या, म्हणून नाही सांगितलं. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि फोन करायचा, हे त्यांना पाठ आहे. पण अंधारात एकटीने, आणि तुझ्या बुटांत, हे मला आत्ता कळतंय! माई, ते बूट आजच टाका. मोठ्या बुटात पाऊल घसरतं, फोड येतो, आणि शुगरमध्ये तो फोड कळत नाही. रोज रात्री तळवे बघायचे.

माईकाकू, बी-१०२: बघते. आणि गोळी घेऊन पळताना चक्कर आली तर? खिशात कुंदा ठेवला तर चालेल?

डॉक्टर वहिनी, बी-३०१: 😀 नाही. कुंद्यात दूध-तूप, त्याची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ग्लुकोजची पुडी ठेवा, नाहीतर साधी साखर. कुंदा घरी आल्यावरसुद्धा नको, विचारायच्या आत सांगते.

भाऊ, ए-१०३: मला बीपीची गोळी आहे. माझ्या घड्याळात नाडी दिसते. किती असली म्हणजे चालेल? (सहज विचारतोय.)

डॉक्टर वहिनी, बी-३०१: सहज 😀 भाऊ, जास्तीत जास्त नाडी म्हणजे २२० वजा वय हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो ढोबळ आकडा आहे. शिवाय तुमची गोळी मेटोप्रोलॉल आहे, ती नाडीला वर जाऊच देत नाही. घड्याळ ११० दाखवेल आणि तुम्हाला धाप लागलेली असेल. तुमच्यासाठी घड्याळ कुचकामी. बोलता येतंय का, एवढं बघायचं.

नाना, ए-२०४: मी पाढा म्हणतो. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. त्रिकाच्या आत श्वास तुटला की वेग जास्त झाला. जपानमधले फुकुओका विद्यापीठाचे प्राध्यापक तनाका तर म्हणत, पळताना हसता आलं पाहिजे. पावलं अगदी छोटी, वेग चालण्याइतकाच. माई तेच करूलात, नकळत.

डॉक्टर वहिनी, बी-३०१: फक्त तनाका चवड्याकडे टेकायला सांगत. पोटरी भरेपर्यंत नानांनी तेवढं घेऊ नये. नाना, चालताना दुखायचं थांबलं की जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून, कठडा धरून टाचा वर, आणि खाली येताना अगदी सावकाश. पंधरा-पंधराच्या तीन खेपा. आधी दोन्ही पायांवर, मग एका. खरं तर हे सगळ्यांनी करायचंय, दुखायच्या आधी. पळणारी माणसं पळतात फक्त. मांड्या, पोटऱ्या, तोल याकडे बघतच नाहीत. ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम हवेत, हे जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा, उठा. भाऊ, आत्ता करून बघा.

भाऊ, ए-१०३: सहा झाले. सातव्याला ही हसली म्हणून थांबलो.

बंटी (पुणे): कुत्र्यांचं काय? बेकरीच्या कोपऱ्यावर पाच-सहा असतात.

अण्णा, ए-३०२: मी रोज दूध आणायला जातो तिथून. पळालं तर मागे लागतात, थांबलं तर वास घेऊन जातात.

डॉक्टर वहिनी, बी-३०१: चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना काही लावायचं नाही.

सेक्रेटरी, ए-१०१: गेटचे काय करायचे ते ठरवा. वॉचमन रात्री बारापर्यंत जागतो, पाचला त्याला उठवणे बरोबर नाही.

नाना, ए-२०४: त्याचं बरोबर आहे. आणि सध्या सूर्य सव्वासहाच्या पुढे उगवतो, पाचला काळोखच. साडेपाच करा. मैदानावर पोचेपर्यंत फटफटतं.

बंटी (पुणे): आणि आई एकटी जाणार नाही.

अण्णा, ए-३०२: मी येतो. मी चालतो, काकू पळतील. स्पीड सेमच आहे.

माईकाकू, बी-१०२: अण्णा 😡

सेक्रेटरी, ए-१०१: ठीक. उद्यापासून गेट साडेपाचला. वॉचमनला चहा कोण देणार?

माईकाकू, बी-१०२: मी देते. महिनाभर त्याची झोप मोडलीय.

बंटी (पुणे): आई, बूट मागवलेत. तुझा नंबर सहाच ना? मापापेक्षा अंगठ्याएवढी जागा पुढे ठेवून घेतलेत. आणि सलवार-कमीज घाल ग, साडीत पाय अडकेल.

*मंगळवार*

माईकाकू, बी-१०२ (५:३१): खाली आले. कोण आहे का?

अण्णा, ए-३०२: बंदे री, आलोच. बूट घालतोय.

नाना, ए-२०४: मी बाल्कनीत आहे. हात करतोय, वर बघा.

भाऊ, ए-१०३: मीही येऊ का? फक्त बघायला.

सेक्रेटरी, ए-१०१ (५:४४): महत्त्वाचे. नळाला पाणी आले आहे, प्रेशर कमी आहे. ए विंगने मोटर लावू नये.

माईकाकू, बी-१०२: अय्यो! माझा नळ उघडाच आहे, खाली बादली.

बंटी (पुणे): आई, पळत परत जाऊ नकोस!

माईकाकू, बी-१०२: परत कोण जातंय, सहा खांब झालेत. डॉक्टर वहिनी, किल्ली तुमच्याकडे आहे नव्हं?