ल्यूथरन चॅपलचा निरोप: उपासना, संगीत आणि मंडळीचा हक्क

एल्बेकाठी

काल इथे 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी हॅम्बुर्गजवळच्या एका छोट्या ल्यूथरन चॅपलमधील शेवटच्या उपासनेविषयी लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या शिकवणुकीत भिंतींना पावित्र्य नाही, तेव्हा निरोपाची लांबलचक उपासना, ऑर्गन, गायकवृंद आणि डोळ्यांना लागलेले रुमाल हा निव्वळ भावुकपणा आहे. पाळकांनी (धर्मगुरूंनी) किल्ली देऊन टाकावी आणि मंडळीने, म्हणजे तिथे उपासनेला जमणाऱ्या सभासदांनी, पुढच्या रविवारी शेजारच्या चर्चमध्ये जाऊन बसावे. मी त्या उपासनेला हजर होतो. हे टिपण वाचून मला राग आला आणि तो मी लपवणार नाही.

५ ऑक्टोबर १५४४ रोजी जर्मनीतील टोरगाऊच्या किल्ल्यातील चॅपल उघडले, तेव्हा ल्यूथरने तेल लावले नाही की पवित्र पाणी शिंपडले नाही. त्याने प्रवचन केले. या घरात आपला प्रभू वचनातून आपल्याशी बोलेल आणि आपण प्रार्थनेने व स्तुतिगीताने त्याला उत्तर देऊ, याखेरीज येथे दुसरे काही घडू नये, असा त्याचा आशय होता. त्या दिवसासाठी संगीतकार योहान वाल्टर यांनी सात आवाजांची खास रचना बांधली होती. म्हणजे ल्यूथरन परंपरेत इमारतीला जे काही मोल आहे, ते तिथे ऐकलेल्या वचनाचे आणि गायलेल्या गीताचे आहे. त्या वापराला पूर्णविराम द्यायचा असेल, तर तो वचनाने आणि गीतानेच द्यावा लागतो. याला भावुकपणा म्हणणे म्हणजे आपलीच परंपरा अर्धी वाचणे होय.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. शेवटचे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, झाले. पाळकबाईंनी चॅपलचा उपासनेसाठीचा वापर संपत असल्याचा ठराव वाचून दाखवला. मग वेदीवरचे पवित्र शास्त्र, प्याला, ताटली आणि क्रूस एकेकाने उचलले. बाप्तिस्म्याचे पितळी पात्र एका वृद्ध बाईंच्या हाती दिले होते. त्यांचे आईवडील युद्धानंतर पूर्व प्रशियातून निर्वासित होऊन आले होते आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्याच पात्रातील पाण्याने झाला होता. पात्र वजनाने हलके असूनही त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरले होते, आणि दाराच्या पायरीवर त्यांना आधार द्यायला पुढे झालेल्या तरुणाला त्यांनी मानेनेच नको म्हटले. भिंतीवरच्या गीतफलकावर ३२१ हा शेवटचा आकडा होता. ते गीत मार्टिन रिंकार्ट यांचे, आभाराचे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात ते आयलेनबुर्गचे पाळक होते. १६३७ च्या साथीत त्यांनी चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली आणि त्याच वर्षी त्यांची पत्नीही गेली. अशा माणसाचे आभाराचे गीत निरोपाच्या वेळी गाणाऱ्या मंडळीला रडवे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

स्पष्टवक्ता

आपण टोरगाऊचे प्रवचन काढलेत, ते बरे झाले. त्याच प्रवचनात ल्यूथर म्हणतो की हे घर उपयोगाचे नसेल तर बाहेर विहिरीपाशी किंवा आणखी कुठेही प्रवचन करता येईल. हा भाग आपण सोयीस्करपणे गाळलात.

माझा आक्षेप अश्रूंवर नव्हता. चॅपल बंद करण्याचा निर्णय निवडून दिलेल्या मोजक्या लोकांनी टेबलाभोवती बसून घेतला, वरच्या कार्यालयाने त्याला मंजुरी दिली आणि मंडळीला पत्राने कळवले. जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चची सभासदसंख्या १९९० च्या सुमारास २ कोटी ९० लाखांच्या आसपास होती, ती २०२४ च्या अखेरीस १ कोटी ८० लाखांच्याही खाली आली, हे मला ठाऊक आहे. पैसा नाही, हेही ठाऊक आहे. मीसुद्धा आयकराच्या ९ टक्के चर्चकर दर महिन्याला भरतो. परंतु म्हणूनच विचारतो, की हिशेब मांडण्याच्या दिवशी ऑर्गन का वाजवता? असे भरगच्च संगीत संपल्यावर उभे राहून 'हे छप्पर दुरुस्त करण्याचा खर्च कोणी काढला होता का?' असे विचारण्याची कोणाची छाती होईल? उपासनेने प्रश्नांची तोंडे बंद होतात.

नगरची लेक

दोघांनाही नमस्कार. मी ल्यूथरन नाही, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जुन्या मिशनच्या मंडळीतील आहे, आणि तुमचा हा वाद वाचून माझ्या पोटात कालवले.

आमच्या आजीचे चॅपल मिशन कंपाउंडमध्ये होते. दगडी भिंती, वर कौले, आत सतरंज्या, एक हार्मोनियम आणि तबल्याची जोडी. विश्वस्तांनी ती जमीन विकली. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतली होती की नाही, घेतली असेल तर कोणती कारणे देऊन, हे मंडळीतील एकाही माणसाला सांगितले गेले नाही. एका रविवारी सकाळी लोक उपासनेला आले, तर फाटकाला कुलूप आणि आत पत्र्याचे कुंपण. हार्मोनियम आतच राहिला. आजी आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी रस्त्यावर उभे राहून कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक भजन म्हटले आणि त्या घरी परतल्या. त्यानंतर आजी दुसऱ्या कोणत्याही चर्चमध्ये नीट रमली नाही.

स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता की उपासनेने प्रश्न बंद होतात. आमच्याकडे उपासना झाली नाही, म्हणून प्रश्न विचारले गेले, असे झाले का? उलट ठराव वाचून दाखवायला कोणीतरी लोकांसमोर उभे राहिले असते, तर निदान विचारायचे कोणाला, ते तरी समजले असते. मिशनच्या जमिनींचे काय झाले, यावर आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात कोणी मोकळेपणी बोलत नाही. ज्यांनी बोलायचे, तेच विश्वस्त आहेत.

सांगेकर

ताईंचे वाचून आमच्या गोव्यातील कुर्डी आठवले. साळावली धरणाने गाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हिंदू सोमेश्वराच्या देवळाशी आणि ख्रिस्ती चॅपलच्या जागी जमतात आणि आपापला उत्सव करतात. मोगूबाई कुर्डीकरांचे हे मूळ गाव. पुनर्वसन झाले, जमिनी मिळाल्या, तरी माणसे मे महिन्यात चिखल तुडवत तिथे जातात. तेव्हा 'शेजारच्या चर्चमध्ये जाऊन बसा' हा सल्ला माणसांना लागू पडत नाही, एवढेच म्हणतो.

आल्टो

मी त्या चॅपलच्या गायकवृंदात होते, म्हणून एक कटू गोष्ट सांगते. एल्बेकाठी यांनी उपासनेचे वर्णन खरे केले आहे, पण आदल्या संध्याकाळचे गाळले आहे. त्या दिवशी 'निरोपाची मैफल' ठेवली होती आणि तिच्यासाठी शहरातून उत्तम गायकवृंद मानधन देऊन बोलावला होता. आम्ही, जे तिथे वर्षानुवर्षे दर आठवड्याला तालमीला येत होतो, ते प्रेक्षक म्हणून बाकांवर बसलो. त्यांनी गायले सुरेख, यात शंका नाही. मात्र ज्या खोलीत आमचे बेसूर 'आमेन'सुद्धा मुरले होते, तिला आमच्याच आवाजात निरोप मिळायला हवा होता. उपासना मंडळीची असते आणि मैफल श्रोत्यांची असते, हा फरक कोणी पाहिला नाही.

आणि ऑर्गनचे म्हणाल, तर तो पोलंडमधील एका मंडळीला जाणार आहे. इकडचे अनेक ऑर्गन असे तिकडे गेले आहेत आणि ते वाजत राहतील, याचा मला आनंद आहे. तरीही नळ्यांचा ऑर्गन हे एखादे कपाट नव्हे. बांधणारा कारागीर त्या खोलीत बसून, तिची घुमणी ऐकत, एकेका नळीचा आवाज जुळवतो. दुसरीकडे तो पुन्हा जुळवावा लागेल आणि तो वेगळाच बोलेल.

हॅनोव्हरवासी

सगळे जण मूळ मुद्द्याभोवती फिरत आहेत, तेव्हा मीच बोलतो. निरोपाची उपासना करून मोकळे झाल्यावर वास्तू कोणाच्या हाती जाते? हॅम्बुर्ग-हॉर्नचे कॅपरनौम चर्च घ्या. १९६१ साली बांधलेले, २००२ साली बंद केलेले. पुढे ते खासगी खरेदीदाराला विकले, त्याची बालवाडीची योजना फसली, २०१२ साली अल-नूर या मुस्लिम संस्थेने ते घेतले आणि २०१८ साली तिथे मशीद सुरू झाली. मनोऱ्यावर क्रूस होता, तिथे आता अरबी अक्षरे आहेत. ज्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला, त्यांना काय वाटत असेल? असे होणार असेल, तर चर्च सन्मानाने पाडलेले बरे.

एल्बेकाठी

हॅनोव्हरवासी, आपल्याच शहरातील गुस्ताव-आडोल्फ चर्च २००९ साली उदारमतवादी ज्यू मंडळीचे प्रार्थनागृह (सिनेगॉग) झाले, त्याविषयी आपण चकार शब्द काढला नाही. तिथेही बाप्तिस्मे झाले होते. तेव्हा आपला आक्षेप वापर बदलण्यावर आहे, की विशिष्ट लोकांवर, हे आधी स्पष्ट करा.

अल-नूरची मंडळी त्यापूर्वी एका जुन्या भूमिगत गॅरेजमध्ये नमाज पढत होती. कॅपरनौमची इमारत दहा वर्षे रिकामी होती. देवाचे नाव घेणारी माणसे तिथे आली, याचे दुःख मला होत नाही. बीलेफेल्डमधील एका चर्चचे उपाहारगृह झाले, त्याचे मला अधिक वाईट वाटते.

हॅनोव्हरवासी

माझ्यावर द्वेषाचा आरोप करू नका. ज्यूंच्या बाबतीत या देशाचे जे ऋण आहे, ते निराळे आहे, आणि आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते समजत नसेल, असे मी मानत नाही. आपण वाद जिंकण्यासाठी ते उदाहरण वापरलेत, ही गोष्ट मला लागली. माझी मुलगी इथल्या चर्चमध्ये स्थिरीकरणाचे (बाप्तिस्म्याची श्रद्धा मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीचे) वर्ग करते. तिने विचारले, की आपलेही चर्च विकतील का आणि मग तिथे कोण येईल. मी तिला काय उत्तर द्यावे?

नगरची लेक

दादा, तिला खरे उत्तर द्यावे. आमच्या चॅपलच्या जागी दुकानांचे गाळे झाले. तिथे मशीद झाली असती, तर निदान कोणीतरी गुडघे टेकले असते, असे माझी आजी स्वतः म्हणाली होती. तिचे म्हणणे तुम्हाला पटावे, असा माझा आग्रह नाही. परंतु 'पाडलेले बरे' हा शब्द ज्याने स्वतःचे चॅपल गमावलेले नाही, तोच वापरू शकतो.

स्पष्टवक्ता

मशिदीच्या वादात मी पडत नाही, मात्र त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. कॅपरनौममध्ये ल्यूथरन मंडळीने खासगी खरेदीदाराला वास्तू दिली आणि पुढे ती कोणाकडे जावी, हे तिच्या हाती राहिले नाही. निरोपाच्या दिवशी भविष्यावर बोलणे टाळले, की असे होते.

नगरच्या ताईंच्या कुलपाच्या हकिकतीपुढे 'किल्ली देऊन टाका' हे माझे वाक्य उभे राहत नाही, हे मला कबूल करावे लागते. उपासना असावी. संगीतही असावे, आल्टो म्हणतात तसे मंडळीच्या आवाजात. पण माझी अट अशी आहे, की ठराव वाचताना खर्चाचा आकडा, पुढचा वापर आणि खरेदीदाराचे नाव, हे तिन्ही त्याच उपासनेत सांगितले पाहिजे. संगीताने माणसे गप्प होतात, या मतावर मी ठाम आहे.

एल्बेकाठी

आपल्या मतावर ठाम राहा, पण लाइपझिगकडे एकदा पाहा. तिथले विद्यापीठाचे सेंट पॉल चर्च पूर्व जर्मनीच्या सरकारला नको होते. १५४५ साली ल्यूथरने स्वतः ते प्रोटेस्टंट उपासनेसाठी खुले केले होते आणि संगीतकार बाखने तिथे संगीत केले होते. २३ मे १९६८ रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, तिथे शेवटच्या उपासना झाल्या आणि त्याच दिवशी नगरसभेने अवघ्या एका विरोधी मताखेरीज एकमुखाने चर्च पाडण्यास मान्यता दिली. ३० मे रोजी ते सुरुंगाने उडवले. पुढे २० जून रोजी, बाख स्पर्धेच्या समारोपाच्या मैफलीत, रंगमंचावर अचानक एक फलक उलगडला आणि त्यावर चर्च पुन्हा बांधण्याची मागणी होती. उघड निषेधाची सोय नसलेल्या त्या शहरात संगीताच्या सभेतच ही मागणी जाहीर झाली. संगीताने माणसे गप्प झाली असती, तर हे घडलेच नसते.

हॅनोव्हरवासी, आपल्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, पण तो प्रश्न तिने आपल्या पाळकांनाही विचारावा. आल्टो, मैफलीचा मुद्दा मी गाळला होता, कारण त्या संध्याकाळी मी नव्हतो. आपली तक्रार मात्र रास्त आहे आणि ती लेखी द्यायला हवी.

स्पष्टवक्ता यांच्या तीनपैकी दोन गोष्टी मला मान्य आहेत. आकडे मात्र वेदीसमोर वाचू नयेत. ते उपासनेच्या आधी, मंडळीच्या सभेत, प्रश्नोत्तरांसह मांडावेत, म्हणजे रविवारी माणसे मोकळ्या मनाने गाऊ शकतील. आमच्या चॅपलच्या खरेदीदाराचे नाव अद्याप जाहीर झालेले नाही. पुढच्या सभेत मी ते विचारणार आहे. आपण चर्चकर भरता, सभासद आहात, तेव्हा आपणही या आणि छपराच्या खर्चाचा तो प्रश्न स्वतः उभे राहून विचारा.

स्पष्टवक्ता

येईन. आकडे कुठे वाचावेत, यावर मात्र तिथेही मी आपल्याशी भांडणार आहे.